अंगठा उठवण्यापूर्वी

आपल्या मागच्या पिढ्यांनी अंगठ्यापायी फार सोसले. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते आपल्या आजोबा-पणजोबांना वाचता येत नव्हते. सावकार बोट ठेवील तिथे ते अंगठा उठवत. शंभराचे दोनशे झालेले असत, आणि ते कळायचे जप्ती दाराशी आल्यावर. १८७५ साली आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी कर्जाची खते जाळली. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचे खत यापुढे सरकारी निबंधकासमोर झाले पाहिजे, असे त्यात ठरले. नुसता अंगठा उठला म्हणजे माणसाची संमती मिळाली असे होत नाही, हे इंग्रज सरकारलाही तेव्हा मानावे लागले.

ही जुनी गोष्ट आज सांगायचे कारण असे की, शिक्षणाने घालवलेला तो अंगठा आता मोबाईलच्या काचेवरून आपल्या घरात परत आला आहे. नवीन अ‍ॅप घेतले की इंग्रजीत लांबलचक मजकूर येतो. खाली चौकोन असतो, ‘मान्य आहे’. आपली मुले पदवीधर आहेत, इंग्रजी वाचतात. पण तीही तो मजकूर न वाचता अंगठा टेकवतात. कारण नाही म्हटले तर अ‍ॅप पुढे सरकत नाही. मग या संमतीला संमती म्हणायचे का?

या प्रश्नाचा विचार मी पुण्याच्या मंडईत बसून केला. माझी आई मंडईबाहेर लिंबं, मिरची, कोथिंबीर विकायची. तिच्या जागेवर आज माझी वहिनी बसते. मी एका कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो. सकाळी दोन तास वहिनीजवळ बसून तिची वही लिहितो. आमच्या समोर मंडईची ती दगडी इमारत आहे. १८८६ साली ती उघडली तेव्हा गव्हर्नरच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा लोकांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. लोकांच्या नावाने काही करायचे असेल तर आधी लोकांचे हित पाहा, ही सवय आपल्याला त्या थोर पुरुषाने लावली.

मंडईत गिऱ्हाइकाची पुष्कळ माहिती असते. अमक्या बाई रोज कारली नेतात, म्हणजे घरात कुणाला साखरेचा आजार आहे. तमके काका हल्ली एकच जुडी नेतात, म्हणजे मुलगा-सून वेगळे राहू लागले. कुणाची उधारी किती, कोण महिनाअखेरीस देतो, हे सगळे वहिनीच्या वहीत आहे आणि त्याहून जास्त तिच्या डोक्यात आहे. पण ही माहिती भाजीच्या व्यवहारापुरती असते. कारली नेणाऱ्या बाईंच्या घरचा आजार वहिनी औषधवाल्याला जाऊन विकत नाही. विकला तर त्या बाई दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पाटीवर जातील आणि मंडईभर बभ्रा होईल. म्हणून बिनकायद्याचा एक कायदा इथे चालत आला आहे. ज्या कामासाठी सांगितले, त्याच कामासाठी वापरायचे.

मोबाईलच्या बाजारात हा कायदा मोडला गेला. तिथला व्यवहार कसा चालतो, ते सोप्या शब्दांत सांगतो. आपल्याला बहुतेक अ‍ॅप फुकट मिळतात. त्यांची कमाई जाहिरातीवर असते. फोनला जाहिरातीसाठी एक ओळखक्रमांक दिलेला असतो. आपण काय शोधले, काय पाहिले, कुठे गेलो, किती वेळ थांबलो, याच्या नोंदी अशा क्रमांकांच्या आधाराने गोळा होतात. मग आपण एखादी बातमी उघडली की पान दिसायच्या आत, पापणी लवायलाही वेळ लागेल इतक्यात, त्या पानावरच्या जागेचा लिलाव होतो. ‘या वयाचा, या भागात राहणारा, या गोष्टीच्या शोधात असलेला माणूस आला आहे, कोण किती देता?’ जो जास्त बोली लावील त्याची जाहिरात आपल्याला दिसते. पूर्वी आडतीवर रुमालाखाली बोटे दाबून सौदा व्हायचा. माल आणणाऱ्या शेतकऱ्याला भाव कळायचा नाही. इथे तर आपणच माल आहोत, आणि आपला सौदा झाला हेही आपल्याला कळत नाही.

कुणी म्हणेल, जाहिरातच ना? बघितली, सोडून दिली. त्यात आपले काय जाते? काय जाते ते आमच्या घराने पाहिले आहे.

मागे वहिनीचे पित्ताच्या खड्याचे ऑपरेशन निघाले. माझा पुतण्या घरपोच पार्सल पोचवण्याचे काम करतो. त्याने रात्री फोनवर ऑपरेशनचा खर्च किती येतो, ते शोधले. दोन-तीन दिवसांत त्याच्या फोनवर कर्जाच्या जाहिराती येऊ लागल्या. ‘पाच मिनिटांत पैसे, कागदपत्र नको.’ आधी त्या कधी इतक्या येत नव्हत्या. कुठल्या नोंदीवरून त्या त्याच्याकडे आल्या ते आम्हाला दाखवता येणार नाही, कारण ती वही आपल्यासमोर कुणी उघडत नाही. पण ज्याला त्या आठवड्यात पैशाची नड होती, त्याच्याच पुढ्यात त्या आल्या. त्याने काही हजारांचे कर्ज घेतले. त्या अ‍ॅपने फोनमधली नावे-नंबर बघण्याची परवानगी मागितली होती. दिल्याशिवाय पैसे मिळत नव्हते. आई दवाखान्यात असताना मुलाने काय करावे? त्याने अंगठा टेकवला. मी त्याला दोष देत नाही.

हप्ता चुकायच्या आधीच फोन सुरू झाले, आणि तेही त्याला नव्हे. वहिनीच्या गिऱ्हाइकांना, मार्केट यार्डातल्या आडत्याला, आमच्या विहाराच्या कमिटीतल्या माणसांना. ‘हा माणूस लबाड आहे, तुमचा नंबर त्याने जामीन म्हणून दिला आहे.’ आडत्याने वहिनीला सरळ विचारले, “बाई, पोरगा पळाला का?” आणि तो आठवडाभर रोखीनेच माल देत राहिला. तीस वर्षे ज्या माऊलीने कुणाचा पैसा बुडवला नाही, तिची पत आठ दिवसांत गेली. घरी येऊन ती एवढेच म्हणाली, “भावजी, आपली उधारी वहीत होती. ती यांनी चव्हाट्यावर आणली.”

आम्ही १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार केली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला, मुद्दल फेडले. फोन थांबले. नंतर वाचनात आले की, कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधली नावे, कॉलची यादी, फोटो यांना हात लावू नये, असा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच केलेला आहे. नियम होता, पण तो मंडईपर्यंत पोचला नव्हता. म्हणून हा लेख लिहायला बसलो.

आपल्या समाजाला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. माणूस समोर आला की त्याची जात काढण्याची या देशाची खोड जुनी आहे. पेठेत खोली भाड्याने पाहायला गेलेल्या आपल्या माणसाला पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ हाच असायचा. खोली ‘कालच गेली’ असे उत्तर मिळायचे. आता विचारायचीही गरज उरलेली नाही. आडनाव फोनमध्ये आहे, वस्तीचा पत्ता आहे, १४ एप्रिलला आपण कुठे होतो, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीला गेलो का, कुठली गाणी ऐकतो, भिंतीवर कुणाचा फोटो आहे, सगळे आहे. पूर्वी तोंडावर नकार मिळायचा. निदान नाकारले गेलो हे कळायचे. आता खोलीची किंवा नोकरीची जाहिरात आपल्याला न दाखवता दुसऱ्याला दाखवली, तर आपल्याला कळणार कसे?

ही नुसती शंका म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेत असे घडले. तिथे फेसबुकवर घरांची जाहिरात देताना काळ्या लोकांना किंवा ठरावीक गटांना ती दिसू नये अशी निवड करता येते, हे २०१६ साली पत्रकारांनी उघडकीस आणले. मार्च २०१९ मध्ये तिथल्या सरकारच्या गृहनिर्माण खात्याने या कंपनीवर भेदभावाचा आरोप ठेवला. जून २०२२ मध्ये तडजोड झाली आणि घरांच्या जाहिरातींसाठी वापरले जाणारे गिऱ्हाईक-निवडीचे एक साधन कंपनीला बंद करावे लागले. त्याआधी जानेवारी २०२२ पासून तिने धर्म, आजार, राजकीय मत यांसारख्या नाजूक विषयांवरून माणसे निवडण्याचे अनेक पर्याय काढूनही टाकले होते. काळ्या बांधवांनी हे दुःख ओळखले, कारण ते त्यांच्या ओळखीचे होते. आपल्याही ओळखीचे आहे.

आता आपल्या देशातल्या कायद्याकडे वळू. माणसाचे घर, त्याचे कागदपत्र, त्याच्या वस्तू यांना कुणी वाटेल तसा हात लावू नये, हा विचार बाबासाहेबांनी घटना लिहिली जाण्याआधीच मांडला होता. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने १९४७ साली त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यातल्या मूलभूत हक्कांत विनाकारण झडती आणि जप्तीपासून संरक्षणाचे कलम आहे. ते कलम शेवटी घटनेत आले नाही. पुढे सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जीविताच्या हक्कात तो येतो. आधारच्या प्रश्नावर न्यायालयात गेलेले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या नावाने हा निकाल ओळखला जातो. स्वतःच्या माहितीवर माणसाचा अधिकार असतो, ही गोष्ट त्या दिवशी पक्की झाली.

त्याच सुमारास सरकारने न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुंबईच्या दंगलीची चौकशी करणारे तेच हे श्रीकृष्ण. जुलै २०१८ मध्ये समितीने कायद्याचा मसुदा दिला. त्यात एक मोलाची गोष्ट होती. आजार, धर्म यांच्याबरोबर जात आणि जमात ही ‘संवेदनशील’ माहिती मानली होती, आणि तिला जास्त संरक्षण दिले होते. पण अखेर जो कायदा झाला त्यात ही वेगळी वर्गवारीच राहिली नाही. आपल्या जातीची माहिती आणि आपल्या आवडत्या भाजीची माहिती कायद्याच्या दृष्टीने एकाच पाटीत पडली. आपल्या संघटनांनी यावर जेवढे बोलायला हवे होते तेवढे बोलणे झाले नाही, असे मला वाटते.

तरीही या कायद्यात हाती धरण्यासारखे पुष्कळ आहे. ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा’ ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी नियमांनी अठरा महिन्यांची मुदत ठेवली. ती मे २०२७ मध्ये पुरी होते. संमती कशी असावी ते कायद्याने सांगितले आहे. ती मोकळेपणाने दिलेली हवी, कशासाठी ते नेमके सांगून घेतलेली हवी, समजून दिलेली हवी, बिनशर्त आणि स्वच्छ हवी. शिवाय जे काम आहे त्याला लागेल तेवढ्याच माहितीपुरती ती धरली जाईल. कायद्यातच याचे उदाहरण दिले आहे. फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारे अ‍ॅप नावे-नंबरांची यादी मागते आणि माणूस ‘हो’ म्हणतो. पण सल्ल्यासाठी ती यादी लागत नाही, म्हणून त्याचे ‘हो’ फक्त सल्ल्यापुरते मानले जाईल. माझ्या पुतण्याची गोष्ट वाचलेल्यांना या उदाहरणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ऑपरेशनचा खर्च शोधणे हे एक काम, आणि त्या शोधावरून त्याची नड हेरून दुसऱ्याला विकणे हे दुसरे. एका कामाच्या संमतीत दुसरे काम बसत नाही.

कायद्यातल्या आणखी तीन गोष्टी घरातल्या सर्वांनी पाठ करून ठेवाव्यात.

पहिली, संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्या बावीस भाषांत मराठी आहे. म्हणजे ‘मराठीत दाखवा’ असे म्हणणे हा आपला हक्क आहे.

दुसरी, दिलेली संमती परत घेता येते, आणि ती देणे जितके सोपे होते तितकेच परत घेणेही सोपे असले पाहिजे. एका अंगठ्यात दिली तर एका अंगठ्यात काढता आली पाहिजे. सावकाराच्या कागदात ही सोय नव्हती.

तिसरी, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरायची तर आईबापांची खात्रीशीर संमती लागते. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे याला मनाई आहे. यासंबंधीची जबाबदारी मोडली तर दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायद्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ज्याची अब्रू गेली त्याला त्यातला पैसा मिळत नाही. पूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाईचे एक कलम होते, ते काढण्याचीही तरतूद या कायद्याने केली. सरकारने स्वतःला बरीच सूट ठेवून घेतली आहे. म्हणून कायदा झाला, आता झोपा, असे म्हणून भागणार नाही.

मोठ्या कंपन्यांना कुणी विचारू शकत नाही असेही समजू नका. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवे धोरण आणले. आमची माहिती फेसबुकच्या कंपनीला देण्यास मान्यता द्या, असा त्याचा रोख होता, आणि नाही म्हणण्याची वाट ठेवली नव्हती. अशी संमती म्हणजे जबरदस्ती आहे, असे म्हणत भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. अपिलात नोव्हेंबर २०२५ मध्ये लवादाने जाहिरातींसाठी माहिती देण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली, पण दंड कायम ठेवला. फ्रान्समध्ये तर जानेवारी २०१९ मध्येच गुगलला पाच कोटी युरो दंड झाला होता. जाहिरातींसाठी घेतलेली संमती लोकांना नीट समजेल अशी घेतली नव्हती आणि चौकोनात खूण आधीच करून ठेवली होती, असा ठपका होता. मंडईत पाटीच्या तळाला किडका माल घालून वर चांगला रचतात, त्यातलाच हा प्रकार.

आता घरात काय करता येईल ते सांगतो. मी आणि पुतणीने मिळून आमच्या घरातल्या पाचही फोनवर हे केले. अर्धा तास लागला. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक अ‍ॅपला कसकशाची परवानगी आहे ते पाहावे. गाणी ऐकण्याच्या अ‍ॅपला आपली नावे-नंबर कशाला? बॅटरीच्या अ‍ॅपला आपला ठावठिकाणा कशाला? काढून टाका. अँड्रॉइड फोनमध्ये गुगलच्या सेटिंगमध्ये ‘जाहिराती’ असा भाग असतो. तिथे तो ओळखक्रमांक पुसून टाकता येतो. जाहिराती तरीही येतील, पण त्या क्रमांकावरून आपला माग काढणे बंद होईल. नको असलेल्या जाहिरातींचे फोन आणि संदेश थांबवण्यासाठी १९०९ क्रमांकावर नोंद करता येते. दुकानात बिल करताना मोबाईल नंबर मागतात. तो देणे सक्तीचे नाही. दुकानदारांनी त्याचा आग्रह धरू नये, असे केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने मे २०२३ मध्ये कळवले आहे. लक्ष्मी रोडवर साडी घेताना माझ्या पुतणीने “नंबर नाही देणार” असे शांतपणे सांगितले. बिल तरीही झाले.

पैशाची नड कुणाला चुकली आहे? पण नडीच्या वेळी फोनवर आपोआप आलेल्या जाहिरातीकडे जाण्याआधी घरात बोला, बचत गटात बोला, पतसंस्थेत विचारा. तिथे तुमची उधारी वहीत राहते. मुलांना आणि विशेषतः मुलींना सांगा की, फोनने परवानगी मागितली की ‘कशासाठी?’ हा प्रश्न आधी विचारायचा. घरात लाजून काही लपवावे लागणार नाही एवढा विश्वास त्यांना द्या. माझ्या पुतण्याने पहिला फोन आला त्याच रात्री आम्हाला सांगितले म्हणून आम्ही निभावलो. कित्येक पोरे एकटी कुढत बसतात.

विहारात रविवारी धम्मवंदनेनंतर अर्धा तास काढून हा विषय घेता येईल. शिकलेल्या मुला-मुलींनी आपल्या आयांचे, मावश्यांचे फोन हातात घेऊन ही सेटिंगे करून द्यावीत, आणि करताना समजावूनही सांगावीत. आमच्या मंडईत भाजीवाल्या बायकांच्या पाटीवर आज पैसे घेण्याचा चौकोनी कोड लावलेला आहे. जिने कधी शाळा पाहिली नाही तीही फोनवर व्यवहार करते. ही प्रगतीच आहे आणि तिचे स्वागत करायचे. पण जिच्या हातात फोन दिला, तिच्या हातात ‘नाही’ म्हणण्याची ताकदही दिली पाहिजे.

शिक्षण घेऊन आपण सही करायला शिकलो, म्हणजे कागद वाचून मग होकार द्यायला शिकलो. काचेवरच्या अंगठ्यालाही तोच नियम लावू या. वाचल्याशिवाय उठवायचा नाही, आणि नको असेल तिथे मुळीच उठवायचा नाही.

जयभीम.